मदत हवी आहे: खडीच्या क्वारीत अडवलेलं पाणी आणि खालच्या विहिरी

तांबडी_माती:
नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमची शेती. पावसाळ्यात भात, नाहीतर रताळी-बटाटा. वर तांबडी माती नि चिरा, त्याखाली मुरूम, मग काळा दगड. विहिरींना पाणी आहे ते मुरमातलं आणि दगडाच्या वरच्या फटींतलं.

गावाच्या वरच्या अंगाला क्वारी आहे. चालू होती तोवर खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून ओढ्याला सोडायचे आणि आमच्या विहिरी होळीनंतर तळ दाखवायच्या. आता दगड काढणं थांबलंय. मालकाने उताराकडच्या बाजूला माती-मुरमाचा बांध घालून पाणी अडवलंय आणि पंचायतीत सांगतोय, तळं गावाला घ्या, विहिरींना पाझर लागेल, प्यायलाही चालेल. अर्धं गाव खूश आहे. पाणी कुणाला नको? पण माझं शेत बांधाच्या पायथ्याला लागून आहे आणि दिवाळीपासून तिथे ओल दिसतेय.

ही ओल काळजीची का? ते पाणी विहिरीत उतरलं तर विहीर बिघडेल का? पंचायतीने होकार द्यायच्या आधी मालकाकडून काय मागून घ्यावं? कागद सगळे कन्नडमध्ये आहेत. कन्नड वाचतो मी, पण सरकारी कन्नड वकिलालाच कळतं.

वणीचा_खाणवाला:
दादा, मी मूळचा खानापूरचा, नोकरीला वणीकडे कोळशाच्या उघड्या खाणीत. आमच्याकडचा धोका वेगळा. कोळशात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज असतं, त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं. म्हणून आंबट पाणी निघालं तर चुना टाकून, हौदात गाळ बसवून मगच नाल्याला सोडायचं. सामू ५.५ ते ९ च्या आत, तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत. तुमच्या काळ्या दगडात आम्लाचा प्रकार सहसा नसतो.

तुम्ही बघायचं ते नायट्रेट. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, न जळलेलं पाण्यात विरघळतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पण बटाट्याला युरिया घालता ना? मग विहिरीत नायट्रेट निघालं की मालक तुमच्याच शेताकडे बोट दाखवणार. म्हणून खड्डा, बांधाखालची विहीर आणि क्वारीच्याही वरची एखादी विहीर, असे तिन्ही नमुने एकाच दिवशी घ्या. वरच्या विहिरीत कमी आणि खड्ड्यात जास्त असेल तर बोलायला तोंड राहतं.

जंतूंची तपासणीही हवीच. एरवी पाऊस माती-मुरमातून गाळून खाली जातो. क्वारीत ती गाळणीच काढून टाकलेली असते. वरून गुरं उतरली, क्रशरचं डिझेल सांडलं, की ते थेट फटीत.

ओल नितळ असेल तर तेवढ्याने घाबरू नका, मातीचा बांध थोडा झिरपतोच. पण एका जागी धार धरून गढूळ पाणी येऊ लागलं तर बांधाच्या पोटातली माती चालली म्हणून समजा. तेव्हा खाली कुणी थांबायचं नाही, तहसीलदारांना लगेच कळवायचं. सांडवा, म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर जायची वाट, आहे का?

तांबडी_माती:
ओल नितळ आहे. सांडवा नाही, एक पाइप टाकलाय.

वणीचा_खाणवाला:
पाइप म्हणजे सांडवा नव्हे. आपल्याकडची झड माहीत आहे ना? पाचोळ्याने पाइप तुंबला आणि पाणी माथ्यावरून गेलं की मुरूम बघता बघता कापला जातो. सांडवा बाजूच्या मूळ कातळात कापायचा, भरावावर नाही. तो होईपर्यंत पाणी बांधाला टेकणार नाही इतकं खाली उतरवून ठेवायला लावा, आणि हे जूनच्या आधी.

भूजल_नाना:
पाझराबद्दल मालकाचं म्हणणं तपासल्याशिवाय धरू नका. खड्डा किती खोल, विहीर किती खोल, या हिशेबाला अर्थ नाही. लेव्हलवाल्याला (जमिनीची उंची मोजणाऱ्याला) बोलावून एकाच खुणेपासून दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळ्या काढा. खड्ड्यातलं पाणी उंच असेल आणि फट जुळत असेल तरच तुमच्याकडे येईल. काळ्या दगडात अंतरापेक्षा फटीची दिशा महत्त्वाची. शेजारची विहीर भरते आणि तुमची कोरडी, असंही होतं. आता पंप बंद आहे, तर दर पंधरवड्याला पातळी वहीत लिहा. उपसा थांबल्यावर विहीर सावरते का, हाच खरा पुरावा.

कागदांचं म्हणाल तर खाण व भूविज्ञान खात्याकडे माहिती अधिकारात लीजच्या अटी, खाण बंद करण्याचा आराखडा आणि पर्यावरण मंजुरी मागा. मंजुरी असेल तर सहामाही अनुपालन अहवालही (अटी पाळल्याचा अहवाल) मागा. पाण्याच्या पातळीखाली खोदायची परवानगी होती का, ते आधी बघा. नसेल तर मालक तळं गावाला द्यायची एवढी घाई का करतोय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येईल.

तांबडी_माती:
नाना, खाणवाले दादा, आभारी आहे. ठराव सोमवारच्या सभेत आहे. देखभाल मालकाची, असं त्यात लिहून घेतलं तर चालेल का?

भूजल_नाना:
नको. ठरावच पुढे ढकला. सांडवा कापून होण्याआधी आणि पाण्याचा अहवाल हातात येण्याआधी ताबा घेतलात तर बांध पंचायतीचा झाला. उद्या फुटला तर मालक तो ठराव दाखवणार.