‘लिबर्टी’वरची मदिरा: जॉन हॅन्कॉकला तस्कर म्हणायचं का?

गोदीकर: म्हणायचं. जॉन हॅन्कॉक हा ब्रिटिश अमलाखालच्या अमेरिकेतला, बॉस्टन बंदरातला व्यापारी. १७६४ मध्ये काका थॉमस वारले आणि बॉस्टनची पेढी, जहाजं, धक्का सगळं जॉनकडे आलं. ९ मे १७६८ ला त्याचं ‘लिबर्टी’ जहाज पोर्तुगालच्या मदिरा बेटावरून मद्य घेऊन आलं. जकात भरली २५ पाइपांवर (पाइप म्हणजे मद्याचं मोठं पिंप, दोन पाइपांचा एक टन). हा जहाजाच्या क्षमतेचा जेमतेम चौथा हिस्सा. एवढ्या लांबून पाऊण जहाज रिकामं कोण आणेल? जहाजावर पहारा देणाऱ्या जकात खात्याच्या थॉमस कर्कने सांगितलंच आहे: लाच नाकारली म्हणून त्याला खाली कोंडलं आणि तीनेक तास माल उतरवल्याचे आवाज येत होते.

दफ्तरी: कर्कने हे कधी सांगितलं, तेही लिहा. आधी त्याने काहीच वावगं कळवलं नव्हतं. जबानी आली १० जूनला, महिन्याभराने. तोवर ‘लिबर्टी’चा कप्तान मार्शल वारला होता, आणि दुसरा पहारेकरी कर्कच्याच सांगण्यानुसार पिऊन घरी गेलेला. म्हणजे साक्षीदार एकच.

हिशेबही मांडू. १७६४ च्या ब्रिटिश कायद्याने मदिरा बेटावरून थेट आलेल्या मद्यावर टनामागे ७ पौंड जकात होती. २५ पाइपांचे झाले ८७ पौंड १० शिलिंग. आणखी १०० पाइप लपवले, हा सरकारचा आरोप; त्यातून वाचले असते ३५० पौंड. आता दंड बघा. पाइप ३० पौंडांचा धरून माल ३,००० चा, त्याच्या तिप्पट ९,००० पौंड, आणि हॅन्कॉकसह सहा जणांकडून प्रत्येकी! दंडाचे वाटे तीन: राजा, गव्हर्नर आणि खबर देणारा. खबरीलाच वाटा मिळत असेल, तर त्याची एकट्याची साक्ष मी पुरेशी मानणार नाही.

गोदीकर: ३५० पौंड एका फेरीचे, आणि पकडलं जाणं दुर्मीळ. व्यापारी धोका असाच मोजतो. काका थॉमस डच चहा चोरून आणायचे, ही पेढीची रीतच होती. शिवाय एप्रिलमध्ये ‘लिडिया’ या आपल्या दुसऱ्या जहाजावर जॉनने जकातवाल्याला तळातून वर आणवलं, ते कशासाठी?

दफ्तरी: काकांचा गुन्हा पुतण्याच्या खात्यावर टाकू नका. ‘लिडिया’च्या डेकवर पहारा ठेवायचा हक्क होता, तळात उतरायला झडतीचा हुकूम लागे, तो त्या माणसाकडे नव्हता. म्हणून तर अॅटर्नी जनरल जोनाथन स्यूअलने, तोही राजाच्या बाजूचा, खटला भरला नाही.

बंदरकाठ: एक मुद्दा दोघांकडून राहिला. ‘लिबर्टी’ पकडलं तेव्हा त्याच्यावर परवान्याविना चढवलेली तेलाची २०० आणि डांबराची ६ पिंपं होती. कायद्यानुसार आधी बंधपत्र, मग माल. बॉस्टनमध्ये सर्रास आधी माल चढवत आणि निघताना कागद करत. जहाज गेलं ते या कलमावर. मद्याचा खटला वेगळा, ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयात. वकील जॉन अॅडम्सने हॅन्कॉकचा बचाव केला आणि मार्च १७६९ मध्ये सरकारने तो कारण न देता मागे घेतला.

गोदीकर: मागे घेतला म्हणजे निर्दोष ठरला असं नव्हे, निकालच लागला नाही. मद्यापुरतं मी ‘संशयित’ लिहीन. पेढीबद्दलचा शब्द मात्र ‘तस्कर’ हाच ठेवणार.

दफ्तरी: मग थॉमसच्या नावासमोर लिहा. जॉनसमोर लिहायचा असेल तर कर्कखेरीज दुसरा पुरावा दाखवा.