सरकारी पैशातून घराघरांत फायबर : गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यांना कधी पोचणार?

वाळपईकर : आमचा वाडा वाळपईपासून बराच आत. पंधरा-वीस घरं, मध्ये काजूच्या बागा. खाजगी फायबरवाला म्हणतो, एवढ्या घरांसाठी केबल ओढणं परवडत नाही. पंचायतीत भारतनेटची (गावोगावच्या पंचायतींना फायबरने नेट द्यायची केंद्राची योजना) पेटी भिंतीला आहे, पण तिथून आमच्यापर्यंत काही येत नाही. 2023 साली केंद्राने भारतनेटसाठी 1,39,579 कोटी मंजूर केले. एवढा जनतेचा पैसा यात घालावा की टॉवर वाढवले तरी भागेल?

पणजीहून : हा पैसा टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेल्या निधीतून येतो. त्यांच्या महसुलाचे 5 टक्के त्यात जातात, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून. 2011 ला योजना मंजूर झाली तेव्हा अंदाज 20,000 कोटींच्या आसपास होता. मग हिशेब मागायला नको?

केपेंचा जोडारी : हिशेब जरूर मागा, पण नुसत्या केबलच्या किमतीचा नको. मी फायबर जोडायचं काम करतो. पावसात फांदी पडून केबल तुटली की छत्रीखाली बसून केसाएवढ्या काचेच्या तारा एकेक सोलायच्या, पुसायच्या, मशीनवर जोडायच्या. धुळीचा कण किंवा ओल राहिली की जोड वाया. खर्च तिथे होतो, वर्षानुवर्षं. पहिल्या टप्प्यात केबल बहुतेक एका रेषेत टाकली. मध्ये एका ठिकाणी जेसीबी लागला की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. आता रिंग करणार, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील, आणि 10 वर्षांची देखभालही कंत्राटातच आहे. माझ्या मते त्यासाठी जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि वाळपईकर भाऊ, टॉवरलाही दमदार नेट द्यायचं तर खाली फायबरच लागतं. डोंगराआडच्या वाड्यात रेंज कशी असते ते 2020 मध्ये पोरं टेकडीवर बसून शिकली तेव्हा सगळ्यांनी पाहिलंय.

मडगावची ताई : माझी बहीण मेलबर्नला असते म्हणून तिथलं वाचत असते. 2009 मध्ये तिथल्या सरकारने 43 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली. बहुतेक घरांना थेट फायबर, दूरच्यांना वायरलेस आणि उपग्रह. 2013 मध्ये सरकार बदललं आणि खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी जुनी तांब्याची तारच वापरायचं ठरलं. 2020 मध्ये त्यातल्याच लाखो घरांना फायबर द्यायची घोषणा करावी लागली. म्हणजे एकाच घरासाठी दोनदा पैसे. आपण निदान एवढं तरी बघून शिकावं.

वाळपईकर : ताई, हे माहीत नव्हतं. जोडारी भाऊ, पंचायतीपासून आमचा वाडा तीनेक किलोमीटर. वीजखात्याच्या खांबांवरून ओढली तर पावसाळ्यात टिकेल, की खोदूनच न्यावी लागेल? ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे.

केपेंचा जोडारी : बागेतून जाते तिथे खोदूनच न्या. मोकळ्या रस्त्याला खांब चालतील. ठरावात मात्र दुरुस्तीला किती तासांत माणूस येणार हे लिहून घ्या. ते राहिलं की पंचायतीतल्या पेटीसारखंच होतं.