सदस्य वाढताहेत, बोलणारे आटताहेत. असा ग्रुप वाचतो का?

कुंडीतली_माती (नाशिक)

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या बागेचा एक फेसबुक ग्रुप मी आणि माझी नणंद मिळून चालवतो. २०१४ साली सुरू केला तेव्हा शंभर-सव्वाशे बायका होत्या आणि कढीपत्त्याला ताक घालावं की नाही यावर रात्री अकरापर्यंत वाद चालायचे. आता सदस्य अकरा हजारांच्या वर गेलेत. पण उघडून पाहावं तर सुप्रभातची फुलं, नर्सरीवाल्यांच्या जाहिराती आणि उत्तर न मिळालेले प्रश्न. पिठ्या ढेकणावर काय मारायचं हे ज्यांना विचारायला लोक रांग लावायचे, त्या आमच्या काकू गणपतीपासून गप्प आहेत. मी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, तेच तेच किती वेळा सांगू?"

नणंदेचं म्हणणं, हा बंद करू आणि निवडक पन्नास जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू. माझं मन घेत नाही. इथे ऑर्कुट, याहू ग्रुप्सच्या काळातले लोक आहेत म्हणून विचारते. ते सगळं नवीन साइट आली म्हणून ओस पडलं, की आधीच आत काही बिघडलं होतं?

---

कातळवाट (डोंबिवली)

ताई, मी २००५ ते २०११ ऑर्कुटवर एका ट्रेकिंग कम्युनिटीचा मॉडरेटर होतो. नाव सांगत नाही, काही भांडणं अजून मिटलेली नाहीत. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ऑर्कुट ही फेसबुकसारखीच साइट, जानेवारी २००४ मध्ये आली. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या तुर्की इंजिनिअरने ते बनवलं, नावही त्याचंच. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय आत जाता येत नसे. अमेरिकेत फारसं चाललं नाही, ब्राझीलने आणि आपण मात्र डोक्यावर घेतलं. इतकं की २००८ मध्ये गूगलने त्याचा सगळा कारभार ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेच्या ऑफिसकडे सोपवला.

आमच्या कम्युनिटीत काय चालायचं? कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी पहिली एसटी किती वाजता, खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वरला चालत किती वेळ, कुठल्या गावात कोण जेवण करून देतं. फेब्रुवारी उजाडला की 'पाणी' नावाचा टॉपिक वर यायचा तो जूनपर्यंत खाली जायचा नाही. जो गडावरून उतरेल त्याने सोमवारी ऑफिसात पोचल्यावर लिहायचं: कुठलं टाकं, किती पाणी, पिण्याजोगं की भांडी घासण्यापुरतं. गेल्या रविवारी टाक्यात काय होतं हे कुठलं पुस्तक सांगणार? मॅनेजर समोर बसलेला असताना लोक एक्सेलच्या खिडकीआड हे टाइप करायचे.

आता मरणाची गोष्ट. सगळे म्हणतात फेसबुकने मारलं. साइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या कॉमस्कोर कंपनीचा जुलै २०१० चा आकडा आहे: भारतात फेसबुकला महिन्याला भेट देणारे २ कोटी ९ लाख, ऑर्कुटला १ कोटी ९९ लाख. त्या महिन्यात ऑर्कुट पहिल्यांदा मागे पडलं. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. त्या वर्षभरात ऑर्कुटचे लोक कमी झाले नव्हते, १६ टक्क्यांनी वाढले होते! बाहेरून बघणाऱ्याला तब्येत ठणठणीत. तुमचे अकरा हजार मला तसलेच वाटतात.

आत काय होतं ते सांगतो. २००६ साली एखाद्या पोराने विचारलं, "नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड कसा करायचा?" (ही गडाची अवघड वाट) की सात-आठ जण तुटून पडायचे. बेलपाड्यात वाटाड्या कोण, दगड कुठे सुटतात, दोर लागतो तो कुठल्या टप्प्यावर. २००९ मध्ये त्याच प्रश्नाखाली एक ओळ यायची: "आधी सर्च कर." झालं. तो पोरगा परत दिसायचा नाही. आणि खरी ग्यानबाची मेख इथे आहे. पाण्याचे रिपोर्ट जुने लोक लिहीतच नसत. जुन्यांना गुडघे होते, पोरांच्या शाळा होत्या, होम लोन होतं, ते आठवणी आणि उपदेश लिहायचे. टाक्यात वाकून बघणारे नेहमी नवे. नवे यायचे थांबले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात 'पाणी' टॉपिक कोरडा पडला. तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी फेसबुकवर खातंही उघडलेलं नव्हतं.

सप्टेंबर २०१० मध्ये एका शनिवारी 'बॉम सबादो' नावाचा व्हायरस पसरला. जो तो स्क्रॅपबुक (ऑर्कुटवरची निरोपांची वही) उघडतोय तर पोर्तुगीजमध्ये 'शुभ शनिवार', आणि न विचारता परस्पर कसल्याकसल्या कम्युनिट्यांमध्ये भरती. पुढच्या आठवड्यात सोडून जाणाऱ्यांना निमित्त मिळालं एवढंच.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. सार्वजनिक कम्युनिट्यांची गोठवलेली प्रत गूगलने काही काळ वाचायला ठेवली होती, २०१७ मध्ये तीही काढली. आमचे फोटो पिकासावर होते, ते दुकान २०१६ मध्ये उठलं. आज माझ्या फोनवर ट्रेकिंगचे चार व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. विचारलं की पाच मिनिटांत उत्तर येतं आणि संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या केकांखाली गाडलं जातं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तोच माणूस वैतागलेला. नणंदबाईंना हे जरूर सांगा.

उलटं उदाहरण तुमच्याच विषयातलं आहे. जून २००७ मध्ये गूगल ग्रुप्सवर 'इंडियनट्रीपिक्स' नावाने एक गट सुरू झाला. झाडाचा फोटो टाका, ओळखून घ्या, बस. आज तो 'ईफ्लोराऑफइंडिया' म्हणून चालू आहे. तांत्रिक बाजू म्हणाल तर ऑर्कुटहूनही जुनाट, मुळात नुसत्या ईमेली. पण तिथे ओळख पटलेलं झाड त्यांच्या वेबसाइटवर शास्त्रीय नावाखाली फोटोंसकट नोंदलं जातं आणि मागची चर्चाही तिथेच जोडलेली सापडते. वनस्पतिशास्त्राचे जाणकार तिथे फुकट वेळ देतात, कारण आपण सांगितलेलं उद्या कुठे सापडेल हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या काकू प्रश्नांना कंटाळल्या असं मला वाटत नाही. सांगितलेलं वाहून जातं याला कंटाळल्यात. त्यांची जुनी उत्तरं शोधून एका जागी लावा, त्यांच्या नावानिशी. मग फोन करा.

---

पैलतीर (न्यू जर्सी)

कातळवाट, अर्धंच पटलं. तुमच्याकडे नवे आले नाहीत म्हणून विहीर आटली. मी पाहिलेलं गाव नव्यांच्या लोंढ्याने बुडालं.

मी इथे शिकायला आले १९९३ च्या ऑगस्टमध्ये. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये यूझनेट होतं, म्हणजे वेबच्या आधीपासूनचे विषयवार चर्चागट. भारतीयांचे गट, पुढे मराठीचाही. देवनागरी दिसायची सोय नव्हती, आयट्रान्सच्या पद्धतीने रोमनमध्ये मराठी लिहायचो आणि डोळ्यांना सवय झाल्यावर त्यातही ओव्या वाचायचो. दर सप्टेंबरला नवीन विद्यार्थ्यांची खाती उघडली की गटांवर गोंधळ व्हायचा. जुने लोक दामटायचे, शिकवायचे, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत पोरं माणसाळायची. मलाही एका कोकणस्थ काकांनी सगळं कॅपिटलमध्ये लिहिते म्हणून झापलं होतं. आमची बॅच त्यातली शेवटचीच म्हणायची. १९९४ मध्ये घरोघर इंटरनेट देणाऱ्या एओएल कंपनीने आपल्या तमाम गिऱ्हाइकांना यूझनेटचं दार उघडून दिलं. मग रोजच सप्टेंबर. शिकवायला माणसं किती पुरणार?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून जास्त गटांवर एका झटक्यात टाकली. आम्हा एफ-वनवाल्यांची (विद्यार्थी व्हिसावरच्यांची) पंचाईत बघा. 'ग्रीन कार्ड' दिसल्यावर न वाचून सांगतो कुणाला! जगभरातून शिव्या पडल्या त्यांना, पण जाहिरात फुकटात लाखोंपर्यंत पोचते हे सगळ्यांना कळलं ते कळलंच. ताई, तुमच्या नर्सरीवाल्यांचे हे आद्य पूर्वज.

आता जे टिकलं त्याबद्दल. मायबोली ही मराठी साइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली, अजून आहे. तुम्ही म्हणाल तिथे जुनं लेखन सापडतं म्हणून. सापडतं, पण माझ्या मते त्यापेक्षा मोठं कारण तिथलं पंचांग. गणपतीत ऑनलाइन गणेशोत्सव, मग दिवाळी अंक, पावसाळ्यात वर्षाविहार. प्रत्येकाला मंडळ लागतं, मंडळाला दरवर्षी दोन-चार नवीन माणसं लागतात. काल रोमात (न लिहिता नुसतं वाचत) बसलेली मुलगी यंदा शुद्धलेखन तपासते, पुढच्या वर्षी स्पर्धेचे नियम लिहिते आणि त्यावरून आलेल्या शिव्याही खाते. डुआयडी (दुसऱ्या नावाचं खोटं खातं) घेऊन दंगा करणारे, फालतू धाग्यांच्या जिलब्या पाडणारे, रुसून 'आता मी चालले' असा धागा काढणारे तिथेही होते की. पण तारीख जवळ आली की कामाला माणसं हजर. तुमच्या ग्रुपला असा एखादा सण आहे का?

आणि एक. गप्पांना इतकं खाली बघू नका. यूझनेटवरच्या माझ्या मैत्रिणी गट ओस पडल्यावरही राहिल्या. दोघींच्या मुलांच्या मुंजींना मी जेवून आले आहे.

---

मागचा_बाक (पुणे)

मी तुमच्या सगळ्यांच्या मुलांच्या वयाचा, तरी बोलतो. तुम्ही दोघंही धरून चाललाय की नवशिका माणसांना विचारायला येतो. आता तो येतच नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो घ्या. २००८ पासून प्रोग्रामिंगची उत्तरं तिथेच. सगळं शोधून सापडायचं, प्रत्येक उत्तर माणसाच्या नावावर, गुण, बिल्ले, म्हणजे कातळवाट काकांच्या सगळ्या अटी पूर्ण. पण नवीन माणसाने प्रश्न टाकला की "हा आधी विचारला गेलाय" म्हणून कुलूप. माझ्या पहिल्या प्रश्नाचं तेच झालं, कॉलेजात सेकंड इयरला. नवे प्रश्न हळूहळू कमी होतच होते. २०२१ मध्ये प्रोसस कंपनीने ती साइट १८० कोटी डॉलरला विकत घेतली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. ते कधी म्हणत नाही "आधी सर्च कर". त्यानंतर तिथले प्रश्न धडाधड घसरले. जे नीट जपून ठेवलं होतं ते वाचूनच यंत्र शिकलं, हा वर मीठ चोळल्याचा भाग.

आमच्या मातोश्री मनी प्लांटच्या पिवळ्या पानाचा फोटो आता फोनलाच दाखवतात. त्यामुळे "पान पिवळं का" असले प्रश्न तुमच्याकडे परत येतील याची आशा धरू नका. येतील ते वेगळे. नाशकातल्या पश्चिमेच्या गच्चीवर एप्रिलमध्ये मोगरा कुणी जगवलाय का, अमुक पेठेतल्या माणसाकडचं शेणखत कच्चं निघतं का, माझ्याकडे पांढऱ्या गोकर्णाचं बी जास्त आहे, कुणाला हवं? जे शेजाऱ्यालाच माहीत असतं ते.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या वाटेला मात्र जाऊ नका. मी तिथल्या तीन सर्व्हरवर (गटांत) आहे, मजा खूप. पण आतलं गूगललाही दिसत नाही आणि आपल्यालाही गेल्या महिन्यातलं शोधताना घाम फुटतो.

---

कुंडीतली_माती (नाशिक)

तिघांनाही धन्यवाद. नणंदेला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'रोजच सप्टेंबर' ऐकून ती म्हणाली, "आणि आपल्याकडे रोजच सुप्रभात."

ठरलंय ते असं. जाहिराती फक्त शनिवारी, एकाच पोस्टखाली. मृग लागायच्या आधी गंगापूर रोडच्या बाजूला कुणाच्या तरी अंगणात बिया-रोपांची अदलाबदल, आणि ती भरवणाऱ्या चौघींपैकी दोघी गेल्या वर्षभरात आलेल्या हव्यात. काकूंची उत्तरं गोळा करायला बसले, तर पिठ्या ढेकणावर त्यांनी कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचं प्रमाण इतक्या वेळा लिहिलंय की त्यांचा वैताग समजला. फक्त हे सगळं ठेवायचं कुठे? फेसबुकच्याच 'गाइड'मध्ये (ग्रुपमधल्या पोस्ट विषयवार लावायची सोय) लावलं तर चालेल ना?

---

कातळवाट (डोंबिवली)

लावा, पण एक प्रत बाहेर हवीच. याहू ग्रुप्सचं झालं ते लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ग्रुपमधलं सगळं साहित्य काढणार. लोकांच्या हातात काही आठवडे, ओरड झाल्यावर मुदत जानेवारी २०२० च्या अखेरपर्यंत. जगभरातले स्वयंसेवक रात्रंदिवस उतरवून घेत बसले, तरी पुष्कळ गेलं. डिसेंबर २०२० मध्ये उरलीसुरली सेवाही बंद. ज्या मार्क फ्लेचरने वनलिस्ट काढली होती, जी पुढे ईग्रुप्समध्ये आणि मग याहूत विलीन झाली, त्याच माणसाने २०१४ मध्ये ग्रुप्स डॉट आयओ नावाने तेच दुकान नव्याने थाटलं होतं. बरेच गट तिकडे गेले.

तुम्हाला एवढा खटाटोप नको. साधी गूगल डॉक, कीड-खत-कुंडी-बियाणं अशा मथळ्यांनी, आणि दर दिवाळीला तिची पीडीएफ तीन वेगवेगळ्या घरांतल्या कॉम्प्युटरवर. काकूंचं नाव पहिल्या पानावर.

पैलतीर, गप्पांचं मान्य. पंचांगाचंही. आमच्याकडे वर्षातून एक गडस्वच्छता होती, ती २००८ नंतर कुणी भरवली नाही, हे तुमचं वाचून आठवलं.

---

नवा_आयडी_७ (बदलापूर)

बरीच वर्षं रोमात होतो, पहिल्यांदाच लिहितोय. अवांतराबद्दल माफी. नळीची वाट या हिवाळ्यात करायची आहे. तिघे आहोत, एकाने आधी अवघड काही केलेलं नाही. कशी करावी?

---

कातळवाट (डोंबिवली)

डिसेंबर-जानेवारी बघा, पाऊस पूर्ण सरल्यावर. माळशेजच्या अलीकडे उतरून आदल्या रात्रीच बेलपाड्यात पोचा, वाटाड्या गावातलाच घ्या. पहाटे अंधारात निघायचं म्हणजे उजेडी कोकणकड्यावर पोचता. नळीत एकामागोमाग एक चालू नका, वरच्याच्या पायाखालून दगड येतात. दोर न्या, पाणी माणशी चार लिटर तरी खालूनच भरा. तुमच्या नवीन मित्राला आधी एकदा पाचनईच्या सोप्या वाटेने वर नेऊन आणा, दम किती आहे ते कळेल. वाटाड्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो. आणि परत आल्यावर वर पाणी कुठे होतं ते इथे लिहा.