साम्राज्याच्या आरमाराचं बिल: वसाहती घासाघीस कशी करायच्या?

नभ_२३: मंडळी, एक शंका. ऑस्ट्रेलिया वगैरे वसाहती ब्रिटिश आरमारासाठी पैसे द्यायच्या असं वाचलं. पण आकडा ठरवायचं कोण? लंडनहून सरळ बिल यायचं की बोलणी व्हायची? आणि यात आपला भारत कुठे?

आडवाटेचा: बोलणी व्हायची, आणि चांगली ताणून. १८८७ ला लंडनमध्ये वसाहतींची परिषद झाली, तिथे ऑस्ट्रेलियातल्या वसाहती आणि न्यूझीलंड मिळून वर्षाला १,२६,००० पौंड द्यायला तयार झाले, १० वर्षांसाठी, पण अट अशी की त्या पैशातून येणारी जादा जहाजं (५ क्रूझर, २ टॉर्पेडो गनबोटी) आमच्या संमतीशिवाय आमच्या समुद्रातून हलवायची नाहीत. अ‍ॅडमिरल्टीला (लंडनचं नौदल खातं) हे कुठून पटणार, त्यांचं म्हणणं शत्रू असेल तिथे जहाज हवं. एवढं करून क्वीन्सलंड १८९१ पर्यंत अडून बसलंच. १९०२ ला ऑस्ट्रेलियाचा वाटा २ लाख आणि न्यूझीलंडचा ४० हजार झाला, वर अटही सैल केली, मग तिकडे बोंबाबोंब की पैसे आमचे आणि जहाजं चीनकडे. पुढे ऑस्ट्रेलियाने स्वतःचं नौदलच काढलं.

तळटीप: कॅनडा राहिला की. ब्रिटनचा वसाहतमंत्री चेंबरलेन एवढा मागे लागला तरी कॅनडाचे पंतप्रधान लॉरिए यांनी १९०२ ला आरमारासाठी छदाम कबूल केला नाही. आम्ही आमच्या मिलिशियावर (स्थानिक नागरी फौज) खर्च करतो, देशभर रेल्वे टाकली ती साम्राज्याच्याच कामाची, असा त्यांचा युक्तिवाद. डोकं बघा!

भारताचं विचाराल तर आपल्या वतीने नाही म्हणणारं निवडून आलेलं कुणी नव्हतंच. १८९६ ला सुदानात सुआकिनला हिंदी पलटणी पाठवल्या, त्यांचा नेहमीचा पगार मात्र आपल्याच तिजोरीतून, खुद्द इथल्या इंग्रज सरकारने हरकत घेतली तरी लंडनने ऐकलं नाही. १८९७ ला गोखल्यांनी भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनसमोर साक्ष दिली ती याच काळात, दादाभाई तर त्या कमिशनचे मेंबरच होते.

नभ_२३: बापरे. म्हणजे शेवटपर्यंत असंच?

आडवाटेचा: नाही, १९३३ ला गॅरन ट्रायब्युनलनंतर (भारताच्या लष्करी खर्चाच्या वादासाठी नेमलेला लवाद) ब्रिटन त्या खर्चापोटी वर्षाला १५ लाख पौंड द्यायला लागलं. १९३९ च्या करारात भारताच्या बाहेर लढणाऱ्या हिंदी फौजेचा बराचसा खर्च ब्रिटनने घेतला, पण रोख नाही, लंडनच्या खात्यावर उधार. युद्ध संपेपर्यंत ती उधारी सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली आणि मग ती कमी करून घ्यायला ब्रिटनच घासाघीस करायला लागलं.