बंद वाड्यातला आड, अकरा वारस आणि एक मोडलेला पाय

वेशीआतला
आमच्या बोळाच्या टोकाला एक वाडा चौदा वर्षं बंद आहे. शेवटच्या आजी गेल्या, मुलानं दिंडीला कुलूप घातलं, आणि आता ते गंजून दाराचाच भाग झालंय. मागची पांढऱ्या मातीची भिंत बोळावर ओणवी झाली आहे, तिच्या पोटात पिंपळ रुजलाय. चौकात आड आहे. त्यावर कुणीतरी कधीतरी पत्रा टाकून चार विटा ठेवल्या होत्या.

गेल्या महिन्यात पोरांचा चेंडू आत गेला. अकरा वर्षांचा एक मुलगा भिंतीच्या ढासळलेल्या भागातून उतरला. पत्र्यावर पाय पडला आणि पत्रा गेला. आड निम्मा बुजलेला, म्हणून वीसेक फुटांवर गाळात थांबला. शिडी बांधून वर काढला. पाय दोन ठिकाणी मोडलाय, रॉड घातलाय. वडील रिक्षा चालवतात.

सिटी सर्व्हेला जाऊन उतारा काढला तर अकरा नावं. तिघं मयत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. दोघं परदेशात. वाटपाचा दावा चालू. गावात राहणारा एक वारस भेटला, तो म्हणाला, "दाराला कुलूप होतं. पोरगं चोरवाटेनं आत गेलं, त्याचे पैसे मी का द्यायचे?" रिक्षावाल्याला उत्तर सुचलं नाही. मला सुचलं, पण ते इथे लिहिण्याजोगं नाही.

माझं मत सरळ आहे. वाडा विकायला निघाला की हेच अकरा जण मालक म्हणून सह्या करायला येतील. मग आड झाकायच्या वेळी मालक कुठे जातो? भरपाई या अकरांनीच द्यावी. तुम्हाला काय वाटतं?

चिरेबंदी
मला वाटतं तुम्ही वाडेवाल्यांना फार स्वस्तात झोडपताय. मीही असाच एक 'मालक' आहे. दुसऱ्या गावात आमचा वाडा, खाली दोन भाडेकरू, एकाचं भाडं महिना 22 रुपये. तो राहत नाही, पण खोली सोडत नाही. जिन्याच्या तुळया कुजल्या म्हणून उतरवायला गेलो तर त्यानं कोर्टातून मनाई हुकूम आणला. चुलतभावांची सही मिळत नाही, कारण सही केली की हिस्सा सोडला असं होईल ही भीती. तिकडे धोकादायक इमारतीची नोटीस दर मे महिन्यात न चुकता माझ्याच नावानं येते, कारण घरपट्टी मी भरतो. जो भरतो त्यालाच पकडायचं, हा तुमचा न्याय?

ज्याच्या हातात काही करण्याची ताकद आहे त्याला जबाबदार धरा. ती ताकद पालिकेकडे आहे.

कट्ट्यावरचा
चिरेबंदींशी सहमत. शिवाय दुसऱ्याच्या आवारात चेंडू गेला तर हाक मारून मागायचा, भिंत चढायची नाही, हे आमच्या वडिलांनी एका कानफटात शिकवलं होतं.

सांजवात
हाक कुणाला मारायची, पिंपळाला?

निवृत्त काळाकोट
तीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात काढली, म्हणून थोडं लांबवतो.

भिंत आणि आड वेगळे ठेवा. भिंत रस्त्यावर पडून कुणाला लागलं, तर मालकाला सुटायला फारशी वाट नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं मेली, तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1966 चा निकाल. मनोरा ऐंशी वर्षांचा, तसल्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. कोर्ट म्हणालं, रस्त्यालगतची वास्तू ढासळणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा. दोष दिसणारा होता की लपलेला, हे मालकानं सांगू नये. गंमत म्हणजे तिथे मालक दिल्लीची महापालिकाच होती. त्याआधी 1958 ला मध्य प्रदेश हायकोर्टात भिंत पडून दोन मुलं गेल्याचं प्रकरण आलं. मालक म्हणाला पाऊस, दैवी कोप. त्या दिवशीचा पाऊस 2.66 इंच. पावसाळ्यात एवढा पडायचाच, म्हणून कोर्टानं तो बचाव उडवला. आपल्याकडे दर जुलैत कुणीतरी हाच बचाव नव्यानं शोधून काढतो.

आडाचं अवघड आहे, कारण मुलगा परवानगीशिवाय आत गेला. कायदा अशा माणसाला फार संरक्षण देत नाही, पण त्याला वाऱ्यावरही सोडत नाही. बिहारचं 1964 चं एक प्रकरण आहे. शेजाऱ्याच्या संडासाची भिंत पडली, तिकडची माणसं आरोपीचा संडास वापरू लागली. हा वैतागला आणि वाटेत विजेची उघडी तार लावली. एक बाई गेली. "ती माझ्या हद्दीत शिरली" हे सुप्रीम कोर्टानं ऐकलं नाही, शिक्षा कायम केली.

कट्ट्यावरचा
वकीलसाहेब, त्यानं करंट सोडला होता! इथे आड आजोबांच्या आधीपासून तिथे आहे. आडाकडे कुणी मुलाला ढकललं नाही. तुलना पटत नाही.

निवृत्त काळाकोट
फरक बरोबर पकडलात. उलटतपासणीत मी हेच विचारलं असतं. सापळा लावणं वेगळं आणि असलेला धोका तसाच पडू देणं वेगळं. पण मुलाच्या बाबतीत कोर्ट एक जास्तीचा प्रश्न विचारतं: मुलं इथे येतात हे मालकाला ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का? ढासळलेली भिंत, पलीकडे रोजचं क्रिकेट. उत्तर तुम्हीच द्या.

जर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत हा मुद्दा फार जुना आहे. रेल्वेच्या इंजिनं वळवायच्या फिरत्या चकतीवर खेळताना एका लहान मुलाचा पाय चिरडला. कुलूप नव्हतं, आसपास पोरं खेळतात हे कंपनीच्या माणसांना माहीत होतं. मूल आगंतुक असूनही इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1873 मध्ये कंपनीला जबाबदार धरलं. आज घरामागे पोहण्याचा तलाव असेल तर कुंपण घालताना लोक याच भीतीनं घालतात. विम्यावालाही विचारतो.

पण मूळ धाग्यातल्या 'परदेशातल्या दोघां'बद्दल बोलायचं तर मीही तसाच एक आहे, दुसऱ्या वाड्याचा. वडील गेल्यावर उताऱ्यावर नाव लागलं, ते मला तीन वर्षांनी कळलं. मी त्या वाड्यात आयुष्यात एकूण दहा रात्री झोपलो असेन. एखाद्या पोराचा पाय मोडला तर तो माझ्यामुळे मोडला, हे मनाला पटत नाही. खोटं कशाला बोलू.

सांजवात
पटत नाही हे प्रामाणिक आहे. पण वाटपात हिस्सा आला तर 'दहाच रात्री झोपलो' म्हणून सोडणार का? अकरा जणांचं माहेर विकून पैसे वाटताना सगळे सख्खे असतात.

जर्सीकर
नाही सोडणार. मुद्दा लागला.

नळकोंडाळं
मी पालिकेत बांधकाम विभागात होतो, कुठल्या ते विचारू नका. चिरेबंदी म्हणतात ताकद पालिकेकडे आहे. आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 264. मोडकळीला आलेली वास्तू पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा, अशी नोटीस आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला देऊ शकतात. ऐकलं नाही तर आपण करून खर्च वसूल करता येतो. आता हे जमिनीवर कसं चालतं ते ऐका. नोटीस दिंडीवर चिकटवायची, फोटो काढायचा, पंचनामा करायचा. पाडायला जेसीबी नेला की एक भाऊ वकील घेऊन हजर, "आमची सामाईक मिळकत आहे, तुम्ही दुसऱ्या भावाला सामील आहात." स्थगिती. मग पावसात भिंत पडली की चौकशी कुणाची? कनिष्ठ अभियंत्याची.

चिरेबंदी
म्हणजे पालिकेचे हात बांधलेले चालतात, माझे चालत नाहीत.

नळकोंडाळं
साहेब, कोर्टही कधी कधी आमच्या बाजूनं बोलतं. राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून एक माणूस गेला, 1997 ला सुप्रीम कोर्टानं महापालिकेला भरपाईतून मोकळं केलं. प्रत्येक झाडावर नजर ठेवणं शक्य नाही म्हणून.

निवृत्त काळाकोट
झाड आणि तक्रार आलेली भिंत एक नाही. लेखी तक्रार गेल्यावर "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. पैसे नाहीत हेही चालत नाही. रतलाम नगरपालिकेनं गटारांबाबत तेच सांगून पाहिलं, 1980 ला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी फटकारलं.

त्या प्रकरणातलं कलम या बोळाला उपयोगी आहे, म्हणून सांगतो. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 152. पडायला आलेलं घर किंवा झाड हटवा, वाटेलगतच्या विहिरीला कठडा घाला, असा हुकूम प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, काढू शकतात. दिवाणी दाव्यासारखी वर्षं लागू नयेत हाच हेतू. अर्ज साध्या कागदावर करा. मात्र भिंतीसाठी करा. आड चौकात आहे, 'वाटेलगत' म्हणायला थोडी ओढाताण होईल. पोरं जिथून आत जातात ती जागा दाखवलीत तर कदाचित जमेल.

फौजदारीत आणखी एक विनोद आहे. इमारतीबाबत निष्काळजीपणाचं न्याय संहितेतलं कलम 290 हे पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना केलेल्या हयगयीसाठी. ज्यानं चौदा वर्षं बोटही लावलं नाही तो त्यात बसत नाही! त्याच्यासाठी 125 कडे जावं लागेल. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत, तीन वर्षांपर्यंत कैद. हाड मोडणं गंभीरमध्ये येतं.

चिरेबंदी
मग हात लावायचाच नाही, हा माझ्या वकिलाचा सल्ला बरोबर होता तर. आणि भाडेकरूंचे पुळके येणाऱ्यांसाठी: मालकानं दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, अशी सोय भाडे नियंत्रण कायद्यात आहे. मर्यादा वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा. माझ्याकडे तो 66 रुपये होतो. पाव गोणी सिमेंट येत नाही.

सांजवात
चिरेबंदी, तुमची अडचण खरी आहे, थट्टा नाही करत. पण तुळई उतरवायला कोर्टाची मनाई होती. आडावर जाळी ठोकायला कुणाची मनाई असते? वाटप व्हायचं तेव्हा होवो, त्यासाठी भोक उघडं ठेवायची गरज नव्हती. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडून दिलेल्या बोअरवेलबद्दल हेच सांगितलंय: तोंड बंद करा, कुंपण घाला, खड्डा भरा. कारण पोरं पडत होती. आडाला वेगळा नियम हवा कशाला?

चिरेबंदी
जाळीला मनाई नसते, मान्य. आमच्याकडे आड नाही, पण जिन्याच्या तोंडाला फळ्या ठोकून घेतो. बाकी माझं मत कायम. अकरांत सगळ्यांना सारखं धरू नका.

निवृत्त काळाकोट
कोर्ट आधी सगळ्यांना एकत्र धरतं, आपापसांतला हिशेब त्यांनी नंतर करावा. पोराच्या बापाला अकरा दारं झिजवायला लावणं योग्य नाही. आणि मुलगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, त्याच्या दाव्याची मुदत इतक्यात संपत नाही, हे रिक्षावाल्यांना जरूर सांगा. घाईत पाच हजारांवर तडजोड करू नका म्हणावं. कागदावर अंगठा घेणारे लगेच येतात.

वेशीआतला
सगळ्यांचे आभार, भांडलेल्यांचेही. सोमवारी प्रांताकडे अर्ज दिला. भिंतीचे आणि पडक्या वाटेचे फोटो जोडले, आवक क्रमांक घेतला. मुलाच्या वडिलांना मुदतीचं सांगितलं. कालच एक जण त्यांच्याकडे दहा हजार आणि कोरा स्टँपपेपर घेऊन आला होता, सही केलेली नाही.

प्रांतांच्या तारखेची वाट पाहायचा धीर नव्हता, म्हणून बोळातल्यांनी वर्गणी काढून आडावर लोखंडी जाळी बसवली. 4,200 रुपये. हो, आम्हीही भिंतीवरूनच उतरलो, कट्ट्यावरच्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

आज संध्याकाळी त्या वारसाचा फोन आला, तोच, कुलूपवाला. म्हणाला, "जाळीचे पैसे देतो, पण रोख. पावतीवर माझं नाव नको. भावाचा वकील म्हणेल मी ताबा घेतला."