नदीचा सेन्सर गप्प झाला तर अंदाज कसा चालू ठेवायचा?

काठावरची: वडोदऱ्याच्या कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवा जलाशयातून सोडलेलं पाणी आणि पाऊस धरून काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी तीन तास आधी सांगायची, हा प्रोजेक्ट. ऐन पावसात रीडिंगच येत नाही. गाईड म्हणतात, शेवटचा आकडा धरून चाल. पटत नाही, पण दुसरं काय करू?

जुना_जलमापक: २२ फुटांवर रीडिंग थांबलं आणि तू तासभर २२च दाखवलंस, तर लोकांना वाटेल नदी थबकली. कॅलमन फिल्टर वाच, मॉडेलचा अंदाज आणि माप यांची सांगड घालणारी गणिती रीत. पेपर १९६०चा, अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरलेला. त्यात अंदाजासोबत त्याचा व्हेरियन्सही, म्हणजे तो किती चुकू शकतो याचं माप, चालतो. रीडिंग नसेल तर त्याने अंदाज दुरुस्त करायची पायरी गाळायची, व्हेरियन्स वाढू द्यायचा. मग उत्तर येतं ‘बहुधा २४, पण २१ ते २७ काहीही’. रीडिंग परतलं की फिल्टर त्याच्याकडे आपणहून जास्त झुकतो.

मला गप्प सेन्सरपेक्षा अडकलेल्याची धास्ती जास्त. गाळ बसला की तो तोच आकडा देत राहतो आणि फिल्टर त्यावर खुशाल विश्वास ठेवतो. म्हणून अंदाज आणि माप यांतला फरक दर वेळी तपास.

काठावरची: काका, फरक मोठा आला तर चूक सेन्सरची की माझ्या मॉडेलची?

जुना_जलमापक: एकट्या आकड्यावरून नाही कळत, दुसरा साक्षीदार लागतो. नदीच्या वरच्या अंगाला पातळी मोजणारा आणखी एक गेज घे. फरक सलग एकाच बाजूला राहतोय आणि तो गेजही सेन्सरच्याच बाजूने सांगतोय, तर मॉडेल चुकतंय. प्रोसेस नॉइज वाढव, म्हणजे मॉडेलवरचा भरवसा कमी कर. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. लहान पुरांवर शिकलेलं मॉडेल तिथे कोरंच, तेव्हा त्या टप्प्यात व्हेरियन्स मुद्दाम फुगवून ठेव.

कारेलीबागवाला: तुमचा व्हेरियन्स राहू दे हो. पाणी चढायच्या आत गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावू की नको?

जुना_जलमापक: प्रश्न रास्त आहे! पोरी, ह्यांना मधला आकडा देऊ नकोस, २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडायची शक्यता दे. गाडी उगाच हलवली तर अर्धा तास जातो, नाही हलवली तर इंजिन जातं. मी तर वीस टक्क्यांनाच निरोप धाडीन.

काठावरची: म्हणजे अंदाज २४च असला, तरी सेन्सर बंद असताना निरोप लवकर जाणार?

जुना_जलमापक: जाणारच, पट्टा रुंदावला की २६च्या पलीकडचा भाग वाढतो. निरोपात ‘माप बंद आहे’ हेही लिही.