विषविक्रीचा कायदा: नोंदवही पुरेशी, की काही विषं बाजारातूनच काढायची?

रानवाट:
विष विकणाऱ्याने परवाना घ्यायचा, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, कारण वहीत लिहायचं. विषविक्रीचे बहुतेक कायदे याच पायावर उभे आहेत. जुना नमुना म्हणजे ब्रिटनचा १८५१ चा आर्सेनिक कायदा. प्रत्येक विक्रीची नोंद सक्तीची, अनोळखी माणसाला ओळखीच्या साक्षीदाराशिवाय विक्री नाही. शिवाय थोडं आर्सेनिक विकताना त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे ती पांढरी पूड साखर किंवा पीठ समजून कोणाच्या पोटात जाऊ नये.

माझ्या मते त्या कायद्यातला सगळ्यात शहाणा भाग ही नीळ होती. वही कामाला येते ती बहुतेकदा घात झाल्यावर. नीळ मात्र पदार्थच बदलते. विषबाधेचे कितीतरी मृत्यू अपघाताने किंवा टोकाच्या निराशेच्या काही क्षणांत होतात. तेव्हा घरात काय ठेवलेलं आहे यावर जीव वाचणं अवलंबून असतं, आणि ते महिन्यापूर्वी रीतसर सही करून, खऱ्याच कारणासाठी आणलेलं असतं. तिथे वही काय करणार?

श्रीलंकेने १९९५ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातली सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद केली, १९९८ मध्ये एन्डोसल्फान हे आणखी एक कीटकनाशक. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. म्हणून जे विष पोटात गेल्यावर वैद्यकाच्या हाती फारसं काही उरत नाही, ते किरकोळ विक्रीत नसावंच.

तराजू:
वहीला इतकं हलकं लेखू नका. भारतात १९१९ चा विष कायदा होताच, तरी अ‍ॅसिड सहज मिळत होतं. २०१३ मध्ये लक्ष्मी या अ‍ॅसिडहल्ला झालेल्या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिले: नोंदवही, छायाचित्र असलेलं सरकारी ओळखपत्र, खरेदीचं कारण, १८ वर्षांखालच्या कोणालाही विक्री नाही, साठा जाहीर करायचा, नाहीतर जप्ती आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. अंमलबजावणी ढिली आहे हे मान्य. पण ढिलाईचा दोष अंमलदारांचा, वहीचा नव्हे. हल्ला करायला निघालेल्याला आपलं नाव मागे राहणार हे कळलं, तर काहीजण तरी थबकतील. आणि बंदीनंतर माल चोरवाटेने, लेबलाशिवाय यायला लागला तर? रुग्णाने नक्की काय घेतलंय हे डॉक्टरला कळलं नाही तर उपचाराचा मौल्यवान वेळ जातो.

कोरडवाहू:
श्रीलंकेचं अर्धंच सांगितलंत. २०२१ मध्ये त्याच देशाने रासायनिक खतं आणि कृषी रसायनांची आयात एका फटक्यात थांबवली. भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. बंदी लिहिणाऱ्याचं पीक कधी करपत नाही. अळी पडली की शेतकऱ्याच्या हातात दोन-चार दिवस असतात. तेवढ्यात परवडणारं दुसरं औषध मिळालं नाही तर हंगाम गेला. त्या कर्जाची निराशा तुम्ही कशात मोजणार?

रानवाट:
कोरडवाहू, २०२१ चा निर्णय घातकच होता, पण त्याची सांगड १९९५ शी घालू नका. २०२१ मध्ये सरसकट सगळंच थांबवलं, तयारी न करता. १९९५ मध्ये मोजकी, सर्वांत जहाल रसायनं काढली, बाकीची बाजारात राहिली. त्या बंदीनंतर पिकांचं उत्पादन घटल्याचं अभ्यासांत दिसलं नाही.

तराजू, लेबलाचा मुद्दा मला पटतो. पण चोरटा माल येईल म्हणून जहाल माल उघडपणे विकत राहायचं, हे पटत नाही.

मापटं:
सगळे दुकानाबद्दलच बोलताहेत. अ‍ॅसिड असो की सायनाइड, मोठा वापर उद्योगांत होतो. कारखान्याच्या साठ्यातून डबाभर बाहेर गेलं तर दुकानदाराची वही कोरीच राहणार. आत किती आलं, किती वापरलं, किती उरलं याचा ताळा लागल्याशिवाय किरकोळ विक्रेत्याला धाकात ठेवून फार काही हाती लागणार नाही. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र तो पाहील, मन कसं वाचणार?

तराजू:
बरोबर, वही साखळीच्या प्रत्येक कडीवर हवी. बांगलादेशाने २००२ मध्ये अ‍ॅसिडची आयात, उत्पादन, वाहतूक, साठा, विक्री, वापर हे सगळं एका कायद्याखाली आणलं आणि नंतरच्या वर्षांत हल्ले खूप कमी झाले.

रानवाट:
त्याच वर्षी त्यांनी मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षेचाही वेगळा कायदा केला. त्यामुळे श्रेय नुसत्या परवान्याला देता येत नाही. तरी अ‍ॅसिडपुरतं मी तुमच्या बाजूने आहे, कारण तिथे धोका दुसऱ्याच्या हातून असतो. शेतीच्या जहाल विषांबाबत माझं मत तेच आहे.

कोरडवाहू:
मग बंदीच्या आदेशातच तीन गोष्टी लिहा: कोणत्या पिकावर कोणता पर्याय, तो आधीच्या भावात कसा मिळेल, आणि शेतकऱ्याकडे पडून असलेला जुना साठा कोण, किती पैसे देऊन परत घेईल. तिसरी गोष्ट नसेल तर तुमचं ते जहाल विष बंदीनंतरही पुढची कित्येक वर्षं घराच्या माळ्यावरच राहील.